तिरक्या रेघा आणि आमचं दार

साल २०२३. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. आधार कार्डावर वय कमी आहे, ती मास्तरांची करामत. मी आईनं सांगितलेलं धरतो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. चौथीच्या वर्गाचं दार लांबून बघितलं आणि गुरांकडे वळलो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुढे उभी हयात पेंढ्याचा टेंपो चालवला. आमचं गाव चौक-कर्जत रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. तिथून कल्याण, भिवंडी, वसई, जिथं जिथं तबेला तिथं तिथं मी पेंढा टाकून आलो आणि वाट म्हणून कुणाला विचारली नाही. चुकलो तर पुढे जाऊन वळायचो, पण विचारायचो नाही.

म्हणून नात जेव्हा म्हणाली की तिच्या प्रोग्रॅमला वाट सापडत नाही, तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. हे काम माझंच होतं.

नात माझ्या थोरल्या पोराची. कर्जतला कॉलेज करून कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली, पण काम घरूनच करायची. ओटीच्या बाजूच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, कानात ती बोंडं. कंपनीकडे गावोगावच्या शेतांचे फोटो येत. तिच्या प्रोग्रॅमनं त्यातले भाताचे भातात, नाचणीचे नाचणीत, वालाचे वालात असे आपापल्या फोल्डरात नेऊन बसवायचे. फोल्डर म्हणजे कप्पा. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा. तिच्या लॅपटॉपवर हे सगळं गुमान चालत होतं. कंपनीच्या मशीनवर टाकलं की एकच उत्तर यायचं, फाइल सापडत नाही.

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर चालवून दाखवायचंय आबा," ती म्हणाली. "नाही चाललं तर मॅडम म्हणतात, पुण्यात ये आणि आमच्या शेजारी बसून काम कर."

"किती दिवस?"

"कायमचं."

आता खरं सांगतो. घरात माझ्याशी भांडायला ही एकच उरली होती. पोरगा कामावरून येतो, जेवतो आणि झोपतो. सून मला मान देते, आणि मान देणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. म्हातारीशी भांडण्यात अर्थ नाही, ती जिंकते. नात गेली असती तर मी नुसता बसून राहिलो असतो. तिलाही जायचं नव्हतं. गावात बसून हे काम होतं हे दाखवायला ती इरेला पेटली होती. हा हट्ट तिनं कुणाचा घेतला ते सगळ्या आळीला ठाऊक आहे.

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "ही बघा वाट. इथं सुरुवात, मग हा कप्पा, त्यात हा, त्यात हा फोटो. मधे या तिरक्या रेघा आहेत ना, त्या म्हणजे एका कप्प्यातून पुढच्यात शिरलो."

"रेघा मागं झुकल्यात."

"माझा लॅपटॉप विंडोजवर चालतो, तिथं मागं झुकतात. कंपनीचं मशीन लिनक्सवर चालतं, तिथं पुढं झुकतात."

"एकाच कामाच्या रेघा दोन बाजूंना? आन् हे ठरवनारे पगार घेतात?"

तसं हे आम्हाला नवं नाही. आम्ही पुण्याला वर जातो आणि मुंबईला खाली उतरतो, घाटच तसा आहे. रेल्वेवाले मात्र मुंबईकडे निघालेल्या गाडीला अप म्हणतात. घाट उतरणारी गाडी अप! पण माणूस निदान गाडीत बसतो आणि पोचतो. या प्रोग्रॅमचं तसं नव्हतं. एक रेघ उलटी दिसली की तो फाटकातच उभा.

"मग सगळ्या रेघा फिरव," मी म्हणालो. "टेंपो भरताना एक पेंढी उलटी दिसली का मी अख्खी थप्पी फिरवून घ्यायचो. बुडखे एका अंगाला, शेंडे एका अंगाला."

"सगळ्या फिरवू?"

"एक पन ठेवू नको."

दुपारपासून डोकं धरून बसली होती बिचारी, म्हणून ऐकलं. तिनं काहीतरी दाबलं आणि झाडून सगळ्या रेघा पुढे झुकल्या. मला बघायला बरं वाटलं. वारा फिरल्यावर शेतातला भात दुसऱ्या बाजूला लवतो तसं दिसत होतं.

थोड्या वेळानं कंपनीच्या मशीनचं उत्तर आलं. फाइल सापडली नव्हतीच, वर आणखी एक घाण झाली होती. त्यातल्या काही रेघा वाटेच्या नव्हत्या. 'इथं ओळ संपली, खालच्या ओळीवर जा' हे मशीनला सांगायलाही तीच मागे झुकलेली रेघ लागते म्हणे. आम्ही तीही फिरवली. त्यामुळे सगळा मजकूर एकाच ओळीत, कुंपणावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत लोंबत होता.

"आबा!"

"वरडू नको. रेघा फिरल्या का नाय?"

"ज्या नको होत्या त्या पण फिरल्या!"

"मग मशीनला कळाय पायजे, कुठली रेघ कशाची."

"त्याला काय कळतं? सांगू तेवढंच करतं ते."

"घरातल्या मानसांपरीस बरं मग," आतून म्हातारी म्हणाली. ती भाकऱ्या थापत होती, पण कान ओटीवर.

नातीनं सगळ्या रेघा पुन्हा होत्या तशा केल्या आणि कपाळाला हात लावून बसली. मी म्हणालो, कंपनीचं मशीनच खराब असणार. एरवी ती यावर भांडली असती, आता नुसती स्क्रीन वरखाली करत राहिली. ती भांडली नाही की मला काळजी वाटते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्याकडे लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, म्हणून पोरानं शिळफाट्याच्या दुकानातून इन्व्हर्टरची नवी बॅटरी मागवली होती. उद्याच्या मीटिंगआधी ती घरात हवी होती. फोनवर बॅटरी आणणारा होता.

"काका, गावात आलोय. घर कुठं तुमचं?"

"सोपं हाय," मी म्हणालो. "दारातून भायेर पडलास का डाव्या हाताला चिंच. चिंचेवरनं खाली उतरलास का हातपंप. पंपाच्या म्होरं पिठाची गिरण. तिथनं सरळ निघालास का डांबरी रस्ता."

"कुणाच्या दारातून?"

"आमच्या."



"काका, तुमच्या दारात असतो तर फोन कशाला केला असता?"

"अरं, मग उलटा ये!"

"म्हणजे रिव्हर्समध्ये?"

आता यात हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलेलं नाही. आमच्या गावात वाट अशीच सांगतात. माझा बाप अशीच सांगायचा, शेजारी अशीच सांगतो. ज्याचं त्याचं दार, तिथून जग सुरू. गावातल्या गावात त्यानं कुणाचं अडत नाही, कारण आमचं दार कुठं ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरचा माणूस अडला तर तो त्याचा प्रश्न.

म्हातारी पिठाच्या हातानं बाहेर आली, माझ्या हातातला फोन ओढला आणि म्हणाली, "तू आत्ता कुठं उभा हायेस रं बाबा?"

तो वीटभट्टीपाशी होता.

"मंग भट्टीला पाठ कर. आता समोर गिरण दिसतीय? चल तिकडं."

नात तोंडावर ओढणी धरून हसत होती. हसता हसता एकदम थांबली. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आबा, परत सांगा. दारातून बाहेर पडलास की?"

"माझी टर उडवू नको, सांगून ठेवतो."

"टर नाही हो. मी पण हेच केलंय!" तिनं वाटेच्या अगदी सुरुवातीला बोट ठेवलं. तिथं इंग्रजी सी होता, मग दोन टिंबं, त्यानंतर थोडं पुढे तिचं स्वतःचं नाव. "ही वाट माझ्या लॅपटॉपच्या दारातून निघते. तिकडच्या मशीनला सी ड्राइव्हच नसतो. माझ्या नावाचा कप्पा तिथं कुठून येणार? माझं दारच नाही तिथं. मग रेघा कितीही फिरवल्या तरी काय उपयोग?"

"म्हंजे माझ्यावानी."

"अगदी तुमच्यासारखं."

हे कौतुक होतं की टोमणा ते मी विचारलं नाही.

मग तिची बोटं सुटली. कामात असताना ती मोठ्यानं बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आजीनं काय विचारलं? तू कुठं उभा आहेस. प्रोग्रॅमला आधी तेच विचारायचं आणि वाट तिथून मोजायची, मग तो पुण्यात उभा असो नाहीतर आमच्या ओटीवर. आणि रेघा आपण हातानं घालायच्याच नाहीत. नुसती कप्प्यांची नावं एकामागून एक सांगायची, जोडणाऱ्या रेघा ज्या त्या मशीननं आपापल्या रीतीनं घालाव्यात. भाताचा फोटो कुठला हे जुळवतानाही वाटेचे तुकडे सुटे करून नाव नावाशी लावायचं, रेघेसकट लावायचं नाही.

"मग हे आधीच का नाय केलंस?"

"माझ्या दारात चालत होतं ना."

मला ते रेघांचं पटलं नाही. पेंढा भरल्यावर दोरी मी कधी क्लीनरच्या भरवशावर सोडली नाही, आणि ही चालली रेघा परक्या मशीनवर सोडायला. तसं मी बोललोही. ती म्हणाली, "आबा, ज्या मशीनचा रस्ता, त्याला त्याच्या रेघा माहीत." मी म्हणालो, बघू.

बॅटरीवाला पोचला. बॅटरी आत ठेवली, पाणी प्यायला आणि दारात उभा राहून म्हणाला, "काका, आता सांगा तुमचा तो रस्ता. आता बरोबर लागेल." सून तोंड फिरवून आत गेली. मी त्याला पुन्हा सगळा रस्ता सांगितला, चिंच, हातपंप, गिरण, डांबरी. तो गेला तो गेलाच, परत फोन आला नाही. म्हणजे रस्ता मी बरोबरच सांगितला होता.

नातीचं काम दिवेलागणीला उरकलं, पण कंपनीचं मशीन तोवर दुसऱ्या कामाला जुंपलं होतं. चालतं की नाही ते आता थेट सकाळी, सगळ्यांसमोर. जेवताना तिनं बिरडं नुसतं चिवडलं. म्हातारीनं तिच्या पानात भाकरीचा तुकडा वाढला आणि म्हणाली, "खा गं. पुन्याला खानावळीत असलं नाय मिळायचं." सून म्हणाली, "आई, आज नको ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून काठी घेतली आणि नातीच्या खोलीच्या दारासमोर ओटीवर बसलो. आत मीटिंग सुरू झाली होती. सुनेला सांगितलं, मिक्सर लावायचा नाही. म्हातारीला सांगितलं, बोलायचं नाही. ती त्यावरही बोलली. शेजाऱ्याचा कुत्रा अंगणात आला तो काठी दाखवून बाहेर काढला. मग आळीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा टेंपो आला, वर भोंगा, जुनं लोखंड, जुने पंखे, जुनी सायकल, गाव गोळा होईल असा. मी चप्पल न घालता धावलो आणि टेंपोच्या समोर उभा राहिलो.

"भोंगा बंद कर."

"काका, धंदा हाय."

"पोरीची परीक्षा हाय."

"कसली?"

"वाटेची."

त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं भोंगा बंद केला, खाली उतरला आणि माझ्याबरोबर ओटीच्या पायरीवर येऊन बसला. आतून नुसता नातीचा आवाज येत होता, मॅडमचा तिच्या कानातल्या बोंडांत. तिच्या 'हो मॅडम, हो मॅडम'वरून काही कळेना. भंगारवाल्यानं खुणेनं विचारलं, काय? मी खुणेनं सांगितलं, गप.

दार उघडलं. नात उंबऱ्यात उभी होती, कानातली बोंडं हातात.

"चाललं आबा. भाताचे भातात, नाचणीचे नाचणीत. मॅडम म्हणाल्या, घरूनच करत राहा."

"चालनारच हुतं," मी म्हणालो. "कुनाची नात हायेस?"

"ते आजीला विचारा," ती म्हणाली, आणि आतून म्हातारी हसली.

मी उठलो, लेंगा झटकला आणि भंगारवाल्याला म्हणालो, आता लाव तुझा भोंगा. पार वरच्या आळीला ऐकू जाईल असा लाव.