टिल्डाचे हातमोजे

टिल्डा हॉगनचं गावात कुणाशी पटत नसे, आणि तिला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, तळ्याकाठी, चौदा कुत्री आणि त्यांनी ओढायची बर्फावरची एक गाडी घेऊन ती एकटी राहायची. पुढच्या वळणावर ओरिन किवेलाचं घर. त्याच्याशी तर विळ्या-भोपळ्याचं सख्य. चार वर्षं कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत त्यानंच मारली होती.

यंदा टिल्डाच्या गाडीपुढे धावणारा म्होरक्या कुत्रा टिंकर अकरा वर्षांचा झाला होता. ही त्याची शेवटची शर्यत. आणि दोन आठवडे उरले असताना तो खोकू लागला. कोरडा, घशातून खेचलेला खोकला. शेवटी उमासा, आणि बाहेर नुसता फेस.

"एकाचा दहांना लागतो हा," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शर्यत विसर."

टिल्डानं त्याला स्वयंपाकघरात वेगळं ठेवलं. घशावर दाब नको म्हणून गळपट्टा काढून छातीचा पट्टा बांधला, न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत त्याला घेऊन बसली. आणि दिवसभर ओरिनला शिव्या घातल्या. सरावाच्या दिवशी त्याचीच कुत्री टिंकरशेजारी बांधली होती. त्यांनीच आजार दिला, दुसरं कोण देणार!

पुरावा हवा म्हणून, ओरिन बाहेर गेल्याचं पाहून ती त्याच्या आवारात शिरली. बारा कुत्री, एकही खोकत नव्हतं. तिचा नुसता जळफळाट झाला. पण कुत्रेवाल्याचा हात कुत्र्यापाशी गप्प राहत नाही. रोज सकाळी म्होरक्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाचं तोंड ओंजळीत धरायचं, ही या लोकांची रीतच. ओरिनची कुत्री शेपट्या हलवत पुढे आली, आणि टिल्डानं सवयीनं बाराही तोंडं कुरवाळली. हातात तेच लोकरी मोजे होते, ज्यांनी सकाळी टिंकरचा फेस पुसला होता.

शर्यतीच्या सकाळी टिल्डा आली ती फक्त ओरिनकडे डोळे वटारायला. तीस गाड्या, कुत्री नाकाला नाक लावून उभी. डॉक्टरांची तपासणी आदल्या दिवशीच उरकली होती. तेवढ्यात ओरिनची म्होरकी रोझा खोकली. तोच आवाज. टिल्डाचा हात खिशातल्या मोज्यांवर गेला.

"हाड अडकलंय," ओरिन लोकांना सांगत होता. "हावरट आहे मेली."

"हाड नाही ते," टिल्डा ओरडली. "खोकला आहे. बाजूला काढ सगळ्यांना."

"स्वतःचं कुत्रं घरी पडलंय म्हणून माझं बघवत नाही होय गं म्हातारे?"

लोक हसले. ती तशीच घरी गेली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. तसंच निघून जावंसं तिला फार वाटत होतं.

"माझ्या हातानं लागलाय," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात तू नव्हतास तेव्हा तुझ्या आवारात शिरले होते. बाराही कुत्र्यांना हात लावला. हेच मोजे होते."

हसू थांबलं. ओरिन एक पाऊल पुढे आला.

"चोर कुठली! पुन्हा फाटकाशी दिसलीस ना, तर ही बारा तुझ्यावर सोडीन."

मग त्यानं एकेक कुत्रं गाडीपासून सोडवलं. सगळ्यांत शेवटी रोझा. तिला कुशीत घेऊन, कुणाकडेही न बघता, तो म्हणाला, "वाफ किती वेळ द्यायची?"

"पंधरा मिनिटं. दिवसातून दोनदा."

"तुला विचारलं नव्हतं," ओरिन म्हणाला, आणि त्यानं रोझाचा गळपट्टा सोडला.