खानाच्या नावाचा उमरा

नवरा प्रोजेक्टच्या रिलीजमध्ये अडकला, म्हणून आम्ही मायलेकीच रियाधहून जेद्दाला निघालो. साडेनऊशे किलोमीटर, स्टिअरिंगवर मी. शेजारी सई कुरकुरत होती. शाळेत 'साम्राज्याशी लढलेला राजा' या विषयासाठी चिठ्ठीत तिला कझाकांचा शेवटचा खान आला होता. "आई, हू इज ही? कुणालाच माहीत नाही!"

जाणार असाल तर पहाटे निघा. एका बाजूचं पेट्रोल दोनशे रियालच्या आत भागतं. वाटेत गरम तमीस रोटी आणि फूल, म्हणजे घोटलेल्या वालासारख्या दाण्यांची उसळ, जरूर खा. तायफनंतर मक्केला वळसा घालणारा बिगर-मुस्लिमांचा रस्ता लागतो, ती पाटी अजिबात चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी बलद, म्हणजे जेद्दाचं जुनं शहर. लाकडी सज्जांची जुनी घरं बघत फिरताना इस्माईलभाईंचं अत्तराचं दुकान लागलं. मराठी ऐकून ते बाहेरच आले. "मी दापोलीचा! चाय घेतल्याबिगर जायचा नाय."

आत एक म्हातारेबाबा गुडघा चोळत बसले होते. कझाकस्तानातून उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला आलेले. सईने फोनवर आपल्या खानाचं चित्र दाखवलं, तर बाबांनी छातीवर हात ठेवला आणि त्यांचे डोळेच भरले. मग भाषांतराच्या अ‍ॅपवर बोलणं सुरू झालं. खान रशियाच्या झारच्या फौजेशी दहा वर्षं लढला. मारल्यावर त्याचं शिर कापून नेलं, ते अजून सापडलेलं नाही. बाबांच्या पणजोबांचे वडील त्याच्या घोडदळात होते. बाबांना खानाच्या नावाने एक उमरा करायचा होता. पण स्वतःचा झाला आणि तापच आला, म्हणून राहून गेला. उद्या दुपारी विमान.

मला राहवेना. "चला बाबा, मी सोडते मक्केला!"

बाबा उठून उभे राहिले. इस्माईलभाई हसत सुटले. "ताई, तुमालाच तिकडं कोन सोडील?"

पाटी चुकवू नका म्हणून तुम्हाला ऐटीत सांगणारी मी! बाबा हळूच परत खाली बसले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्माईलभाईंनी शटर ओढलं. "उठा बाबा, मी नेतो. खलास!"

निघताना बाबांनी सईला तिच्या सात पूर्वजांची नावं विचारली. कझाक पोरांना ती पाठ हवीतच म्हणे. सई आजोबांपाशी अडकली. मी सासऱ्यांच्या वडिलांपर्यंतच पोचले.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईंनी फोटो पाठवला. विमानतळावर बाबा, उमऱ्याच्या रीतीप्रमाणे डोक्याचा पुन्हा चकोट केलेला, तोंडभर हसणारे. खानाचा उमरा झाला होता! मी गाडीत रडले, सांगायला लाज कसली.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. सई रोज पुण्याला आजीला फोन करते. पाच नावं झाली, दोन ओळी रिकाम्या आहेत. परवा मी म्हटलं, पुरे की आता.

"आई, ते लोक अजून खानाला शोधतायत," ती म्हणाली, "आणि आपण पाचावरच थांबायचं?"