जड नाकाची गाडी

गाडीत बसण्याआधी नाना बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून ती खाली दाबायचे. गाडी पुन्हा वर आली की म्हणायचे, "चला, जित्ती हाय." असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, देवापेक्षा गाडीच्या जास्त पाया पडणारा.

गंगापूर रोडला ते आमचे शेजारी. मूळचे दिंडोरीकडचे. भाड्याची मोटार चालवायचे. पेट्रोल महागलं तेव्हा त्यांनी तिच्यात जुनं डिझेल इंजिन बसवलं आणि गाडी नाक खाली घालून उभी राहिली. यांनी उपाय काय करावा? डिकीत कांद्याच्या गोणी टाकल्या. गाडी पुढून-मागून सारखी झाली खरी, पण आख्खीच खाली बसली आणि कोपऱ्यावरच्या खड्ड्यात पोट घासू लागली. शेवटी पुढे जाड स्प्रिंगा बसवल्या, आणि कांदे गल्लीत वाटले गेले.

"नाना, हे इंजिन एवढं जड का?" मी विचारलं.

"पेट्रोल ठिणगीनं पेटतं, भाऊ. डिझेलला ठिणगी नाय. हवाच दाबून इतकी तापवायची, की त्यात डिझेल आपसूक पेटतं. एवढा दाब सोसायचा तर भांडं जाड लागणार. पातेलं येगळं, कुकर येगळा."

पुढे साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली. घर तर त्या गाडीवरच चालायचं. मुलगी लता म्हणाली, "मी चालवते." गल्ली हसली. त्या जड नाकाच्या गाडीचं स्टेअरिंग वळवताना गड्यांचे खांदे भरून येत. पहिल्या दिवशी लता त्या चाकाशी झटून झटून रडली.

नाना शेजारी बसून म्हणाले, "उभ्या गाडीशी भांडू नको, पोरी. आधी जराशी हलू दे, मंग वळव."

लायसनच्या परीक्षेला मी त्यांच्यासोबत गेलो. अरुंद जागेत गाडी वळवायची होती. नानांना दिसत नव्हतं. माझं मनगट धरून ते विचारत होते, "आधी हलवली का?"

"हलवली, नाना."

त्यांनी मनगट सोडलं. मला हुंदका आला, तो खोकला काढून लपवला. लता पास झाली.

नाना गेले त्याच्या पुढच्या महिन्यात लतानं पुन्हा गाडी बाहेर काढली. मालेगावचं भाडं होतं. बॉनेटवर तळवे टेकवून तिनं गाडी दाबली. बांगड्या वाजल्या.

मी गॅलरीतून विचारलं, "जित्ती आहे का गं?"

"हाय ना, काका," ती म्हणाली. आत बसली. आधी गाडी जराशी हलवली, मग वळवली.