आहे की!

उशांचे अभ्रे शिवणाऱ्या त्या मावशींना सगळी गल्ली 'आहेकी मावशी' म्हणायची. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचाच नाही. कोणी साखर मागायला आलं की "आहे की!" म्हणायच्या आणि मागच्या दाराने शेजारच्या वहिनींकडे जाऊन वाटी भरून आणायच्या. याला खोटं म्हणायला माझं मन होत नाही. मागितल्यावर मिळतं ते आहे, असा त्यांचा सरळ हिशेब.

या हिशेबाने एकदा त्यांच्या नवऱ्याचे, म्हणजे काकांचे, डोळेच पणाला लावले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन फुकट व्हायचं तर घराची पाहणी होऊन सरकारी योजनेचं कार्ड मिळायला हवं आणि कार्ड ज्यांच्याकडे काही नाही त्यांनाच. काका सकाळपासून बायकोला पढवत होते, "अगं, नाही ते नाही म्हण. जीभ झिजणार नाही तुझी."

पाहणीवाली मुलगी आली, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली आणि तिने मोबाइल काढला.

"फ्रीज आहे?"

"आहे की!"

खाटेवर काकांनी कपाळाला हात लावला.

"टीव्ही?"

"आहे की! चांगला मोठा."

"स्कूटर?"

"आहे की! परवाच यांना दवाखान्यात नेलं तिच्यावरून."

मुलीने खोलीभर नजर फिरवली. खाट, शिलाई मशीन, अभ्र्यांचा ढीग. "मावशी, फ्रीज कुठाय?"

"वहिनींकडे. आमचं दूध तिथंच असतं. टीव्ही समोरच्यांचा, आमच्यासाठी खिडकी उघडी ठेवतात बिचारे. स्कूटर इस्त्रीवाल्याची."

"मग ते तुमचं नाही ना!"

"का नाही? कधी नाही म्हणालेत का ते?"

"बाई, हिचं काही लिहू नका," काका रडकुंडीला आले. "ही लोकांच्या जिवावर श्रीमंत आहे!"

मुलगी हसली, पण तिचाही नाइलाज होता. मालकीचं तेवढंच सांगा म्हणाली आणि पहिल्यापासून विचारू लागली. फ्रीज? नाही. टीव्ही? नाही. स्कूटर? मावशींचा आवाज खाली खाली जाऊ लागला.

"शिलाई मशीन?"

काका जोरात खोकले. मावशींनी मशीनवर हात ठेवला. "आहे," त्या म्हणाल्या. पुढे 'की' काही लावला नाही.

"एका मशीनने कार्ड अडत नाही," मुलगी म्हणाली.

ती गेल्यावर मावशी मशीनपुढे जाऊन बसल्या. "सगळं घर रिकामं करून गेली हो पोरगी," एवढंच बोलल्या. काकांना गलबलून आलं.

कार्ड आलं आणि एका डोळ्याचं ऑपरेशनही झालं. पट्टी बांधून काका बाकावर बसले होते. मावशी स्कूटरसाठी इस्त्रीवाल्याला बोलवायला बाहेर गेल्या होत्या.

कार्ड हातात धरून नर्सने विचारलं, "आजोबा, घरी न्यायला कोणी आहे का? नाहीतर रिक्षा बघावी लागेल."

"आहे की!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारचा पेशंट दचकला. "बायको आहे, स्कूटर आहे."

"कोणाची स्कूटर?" नर्सने कार्डाकडे पाहत विचारलं.

"आमचीच," काका म्हणाले.

इस्त्रीवाल्याला घेऊन आलेल्या मावशी दारातच थबकल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.