पोचले का?

‘‘पोचले का?’’

बाईंची सकाळ या प्रश्नाने सुरू व्हायची. ओली छत्री हातात, कोट अंगावरच, आणि नजर माझ्या स्क्रीनवर. मी ‘‘गुड मॉर्निंग’’ म्हणायचो. त्या म्हणायच्या, ‘‘ते होईल रे. पोचले का?’’

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी स्टेशनजवळ आमच्या मदतसंस्थेचं छोटं ऑफिस आहे. सुदानमधल्या यादवी युद्धात अडकलेल्या एका छावणीला धान्य पाठवायचं काम बाईंकडे होतं. बाई मूळच्या लातूरच्या, साठीला टेकलेल्या. मी पुण्याहून आयटीत आलेला, त्यांच्या ट्रकांचा तक्ता सांभाळणारा. तक्त्यात सगळीकडे ‘सोर्गम’ असं लिहिलेलं. सोर्गम म्हणजे आपली ज्वारी, हे मला तीन महिने माहीतच नव्हतं. बाईंनी कपाळाला हात लावला.

‘‘अरे, भाकरी पाठवतोयस तू. इतके दिवस काय समजत होतास?’’

खरं सांगायचं तर काहीच समजत नव्हतो. माझ्यासाठी तो एक कॉलम होता.

ट्रक गोदामातून निघाला की तक्त्यातली त्याची रांग हिरवी व्हायची. ही अक्कल माझीच, आणि मॅनेजरला ती फार आवडली होती. मॅनेजर इकडेच, लंडनच्या पिनर उपनगरात जन्मलेली, मनाने चांगली, मराठी बोलायची भारी हौस. एकदा ती खुशीत बाईंच्या टेबलाशी आली.

‘‘काकू, सगळ्या ट्रक निघाल्या. बोर्ड फुल ग्रीन आहे.’’

‘‘सगळे ट्रक निघाले,’’ बाईंनी आधी व्याकरण दुरुस्त केलं. ‘‘आणि पोचले का?’’

‘‘ऑन द वे आहेत ना, काकू.’’

बाई माझ्याकडे वळल्या. ‘‘मग हिरवं कशाला केलंस? पोरगी ट्रेनमध्ये बसली म्हणजे घरी आली का?’’

ते ट्रक एका चौकीवर अडले. परवाना एका बाजूचा, चौकी दुसऱ्या बाजूच्या ताब्यात. आधी ड्रायव्हरांची नावं मागितली. दिली. मग फोटो मागितले. दिले. मग म्हणे शिक्का काळ्या शाईचा आहे, निळा हवा. मी थट्टा करत नाही. तिकडे छावणीत माणसं झाडपाला उकडून खात होती आणि इकडे आम्ही निळी शाई शोधत होतो. तुम्हीही कचेऱ्यांचे खेटे घातले असतील, पण तिथे फार तर तुमचा दिवस वाया गेला असेल.

बाई रोज मुख्य ड्रायव्हरला फोन करायच्या. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं. पहिला प्रश्न ‘‘यू एट?’’, म्हणजे जेवलास का. दुसरा ‘‘रीच्ड?’’ ट्रक तिथेच उभे आहेत हे ठाऊक असूनही विचारायच्या. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘‘बाई, रोज तेच काय विचारता?’’

‘‘विचारायचं सोडलं तर त्याला वाटेल आपण सोडून दिलं.’’

निळा शिक्का मिळाला तोवर तिकडे पाऊस लागला होता. रस्त्याचा चिखल झाला, ट्रक माघारी वळले. अहवालात काय लिहायचं, असं मॅनेजरने हळूच विचारलं. ‘‘निघाले असं लिही,’’ बाई म्हणाल्या, ‘‘खोटं नाही ते.’’ त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला त्या शाईचा अजून संताप येतो.

ऑक्टोबरमध्ये रस्ते सुकले, ट्रक पुन्हा निघाले. त्याच आठवड्यात बाई निवृत्त होऊन एडिनबराला मुलीकडे गेल्या. मी म्हणालो, ‘‘पोचल्यावर मेसेज टाका.’’

‘‘टाकते. येते रे मी.’’ जाते म्हणायचं नाही, ही आपली रीत त्यांनी इंग्लंडमध्येही सोडली नव्हती.

संध्याकाळी मेसेज आला. ‘‘मी पोचले. ते?’’

ते त्याच चौकीवर होते. आता म्हणे शिक्का जुना झाला, नवा आणा. मी ‘निघालेत’ असं टाइप केलं, आणि खोडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तक्ता बदलला. आता ट्रक पोचल्याशिवाय रांग हिरवी होत नाही.

आज त्यात एकही हिरवी रांग नाही. आणि बाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही.