बोट न लागलेली नाणी

नाण्याला हात लावण्याआधी पांढरे सुती हातमोजे चढवणारा माणूस आमच्या मानकोलीत एकच होता, माझे आबाकाका. शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली तेव्हा अख्ख्या गावानं जमिनीच्या पैशांतून सोनं केलं. काका मात्र प्लॅटिनमची परदेशी नाणी जमवायला लागले, वर्षाला एक. गाव त्या नाण्यांना चांदीच समजे. "चांदी काली परते, ही न्हाय," काका एवढंच म्हणत.

प्रत्येक नाणं आपल्या गोल पारदर्शक डबीत. काका भिंगातून ओरखडा शोधत, आणि सापडला नाही की त्यांचा चेहरा खुले. एकदा भिवंडीतल्या सोनारानं कस बघायला नाणं दगडावर घासायला घेतलं, तर काकांनी ते हिसकावलंच. "वजन कर, जाडी माप, पन घासू नको! नुसत्या धातूचा भाव येगला नि कोऱ्या नाण्याचा येगला. बोट लागला का किंमत गेली." हे शेवटचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं.

काकीचं दुखणं एवढंच, की लक्ष्मीपूजनालाही डब्या उघडायच्या नाहीत. "प्लास्टिकला हळदकुंकू लावून लक्ष्मीला कसा पोचंल?" ती दरवर्षी विचारी. काका हसून विषय टाळत.

एका दिवाळीत काका हृदयविकारानं इस्पितळात होते. काकीनं सगळ्या डब्या उघडल्या. चिंच आणि राख लावून नाणी घासली, दुधानं धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि 'यांना घरी आण' म्हणून पदर पसरला.

काका घरी आले. ओरखडे त्यांना लगेच दिसले. काकी दाराशी रडत उभी होती. मोजे न घालताच काकांनी एक नाणं उचललं आणि त्यावरच्या हळदीवरून अंगठा फिरवला.

"आता धातूच्याच भावानं जातील," ते म्हणाले. "जाऊ दे. मी आलू ना घरी."

नाणं त्यांनी स्वतःच डबीत बंद केलं. पुढची दिवाळी काही त्यांना लाभली नाही. मला त्यांची फार आठवण येते.

यंदा लक्ष्मीपूजनाला काकीची सून दुधाची वाटी घेऊन आली आणि तीच डबी उघडू लागली. आतल्या नाण्यावर अंगठ्याचा पिवळट ठसा अजून दिसतो. काकीनं तिचा हात धरला.

"नको उघडू गो. त्यांचा बोट लागलाय त्याला."