वेध

वेध हा मराठीतला मोठा खट्याळ शब्द. आकाशातल्या ताऱ्याचा वेध घेतात, ग्रहणाआधी घरात वेध पाळतात आणि एखाद्या गोष्टीचे वेध लागले की माणसाचं जेवणातसुद्धा लक्ष राहत नाही. कतारच्या दोह्यात त्या हिवाळ्यात, २०१९ साली, सगळ्या गावाला फुटबॉलच्या विश्वचषकाचे वेध लागले होते. रस्ते रोज नव्या वळणाने जायचे. काल होती ती गल्ली आज पत्र्यांआड गडप व्हायची. गंधार सर्व्हेयर. अल थुमामाच्या स्टेडियमच्या साइटवर खांब सरळ उभे राहताहेत की नाही हे मोजणं त्याचं काम. साइटवरचे साहेब रोज "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, करत डोकं खायचे. पण गंधारचं डोकं तिथे नव्हतंच. त्याला वेध लागले होते डिसेंबरअखेरच्या कंकणाकृती सूर्यग्रहणाचे.

गडी नाशिकचा, वय एकोणचाळीस, आणि ग्रहणांनी त्याला दोनदा हुलकावणी दिलेली. पंचाण्णव साली भर दिवाळीत सूर्यग्रहण झालं, तेव्हा आईने, सुहासिनीबाईंनी, त्याला दार लावून घरात बसवलं. पुढे दोन हजार दहाला कन्याकुमारीला कंकण दिसणार होतं. रजा मंजूर, तिकीट हातात आणि आदल्या दिवशी साइटवर बोलावणं आलं. तेव्हापासून त्याने एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जवळजवळ दत्तक घेतला होता. गियोम ल जाँती त्याचं नाव. दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत गंधार त्याचीच गोष्ट लावायचा. लोक कंटाळून त्यालाच 'जाँती' म्हणू लागले होते.

गोष्ट मात्र खरी आणि ऐकण्यासारखी. हा माणूस धर्मगुरू व्हायला पॅरिसला गेला आणि आकाशाच्या नादी लागला. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसण्याचा योग फार दुर्मीळ, आठ वर्षांच्या अंतराने दोनदा येतो आणि मग शंभरहून जास्त वर्षं फिरकत नाही. तो बघायला हा जहाजात बसून पुदुच्चेरीला निघाला. वाटेत कळलं, पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतली. ऐन योगाच्या दिवशी हा भर समुद्रात, डुलणाऱ्या जहाजावर. शुक्र दिसला, पण त्या हलत्या डेकवर मापं घेणार कशी? दुसरा असता तर घरी गेला असता. हा आठ वर्षं इकडेच राहिला. बेटांचे नकाशे काढले, आपल्याकडच्या ज्योतिष्यांची ग्रहणाची गणितं शिकला आणि दुसऱ्या योगासाठी पुदुच्चेरीत वेधशाळा बांधून बसला. महिनाभर सकाळी आभाळ लख्ख. नेमक्या त्या सकाळी ढग आले आणि योग संपल्यावर निघून गेले. बिचारा दोन आठवडे लेखणी उचलू शकला नाही. मायदेशी परतला, तर त्याला मेलेला समजून नातेवाईक इस्टेटीच्या वाटणीला बसलेले आणि अकादमीतली जागा दुसऱ्याला दिलेली. पुढे जागा मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली, पण ढग तेवढे राहून गेले.

आता गंधारचा तिसरा योग त्याच्या दारात आला होता. कंकणाची वाट दोह्याच्या दक्षिणेला, खराराच्या वाळवंटावरून जात होती. गाडीने तासाभराचा रस्ता. तरी तो महिनाभर घरात येरझाऱ्या घालत होता, कारण त्याची बायको नीलांबरी सातव्या महिन्यात होती.

दीड वर्षापूर्वीही ती गरोदर होती. त्या जुलैत दोघांनी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, उभं राहून खग्रास चंद्रग्रहण पाहिलं, हौसेने आईला फोटोही पाठवले. तीन आठवड्यांनी गर्भ पडला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाचा दोष नाही. नाशिकहून फोनवर सुहासिनीबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं. त्यांचं ते गप्प बसणं घरात राहायला आलं, ते गेलंच नाही.

या खेपेला त्या व्हिजिट व्हिसावर सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. येतानाच पंचांग घेऊन आलेल्या. "नीलू, तुला वेधांची सूट आहे, खा-पी. पण ग्रहण आठ वाजता लागतंय. लागल्यापासून सुटेपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही."

आठ वाजता! गंधारने जीभ चावली. पंचांगातली वेळ नाशिकची, आणि कतारचं घड्याळ अडीच तास मागे. कतारला सूर्य उगवेल तो ग्रहण लागलेलाच, आणि आठला सगळं संपलेलं असेल. आखातातल्या निम्म्या घरांत ही चूक होते. उपास, मुहूर्त, सगळं भारताच्या घड्याळावर. एका वाक्यात ती दुरुस्त झाली असती. तो ते वाक्य बोलला नाही. उलट त्या रात्री नीलांबरीला म्हणाला, "मी एकटा जाऊन येतो."

"आईंच्या हिशेबाने ग्रहण आठला आहे," ती म्हणाली. "साडेसातला आपण घरात. मी त्यांचा शब्द मोडत नाहीये."

"तसं नाही गं…"

"तूच घाबरलायस ना?"

विज्ञानावर व्याख्यानं झोडणारा हा माणूस खाली बघू लागला. खरं तर तो आईपेक्षा जास्त घाबरला होता.

"जाँतीच्या आड ढग आले होते," नीलांबरी म्हणाली. "तुझ्या आड काय आलंय ते सांग. मागच्या वेळी मी चंद्र बघितला म्हणून झालं, असं तुलाही वाटतं?"

त्याने ग्रहणाचे दोन चष्मे पिशवीत टाकले. पहाटे अंधारात दोघं निघाली.

वाळवंटात बरीच गर्दी होती. थंडी, थर्मासातला करक चहा, लहान मुलांचा इंग्रजी कलकलाट. क्षितिजावर धूर होता आणि त्यातून सूर्य उगवला तो दोन तांबडी शिंगं घेऊन. मग काळोखा चंद्र त्याच्यात सरकत सरकत मधोमध येऊन बसला आणि कंकण पूर्ण झालं. गंधारला हसू आलं आणि रडूही. नीलांबरी चष्मा लावून, एक हात पोटावर ठेवून बघत होती. त्याचं अर्धं लक्ष त्या हाताकडे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तेही त्याला धड स्वस्थपणे बघता आलं नाही.

कंकण तुटलं आणि फोन वाजला. "गंधार, आहेस तिथून लवकर ये," एवढं बोलून आईने ठेवून दिला. परत केला तर उचलेना. त्याने गाडी दोह्याकडे पिटाळली. नीलांबरी वाटभर आईंना फोन लावत राहिली.

सुहासिनीबाई इमारतीच्या अंगणात, कडुनिंबाखाली उभ्या होत्या. ग्रहणाआधी अन्नात घालायला तुळशीची पानं खुडायला त्या खाली उतरल्या होत्या. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे कवडसे फरशीवर पडले होते आणि प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा होता, ग्रासलेल्या सूर्याची छोटी छबी. शेकडो कोरी, वाऱ्याने हलणाऱ्या.

"आठला लागणार होतं ना रे?"

"ती नाशिकची वेळ, आई."

"ठाऊक होतं तुला?"

"हो."

सुनेच्या पायांतली वाळू त्यांनी पाहिली. पुन्हा तेच गप्प बसणं, असं वाटून नीलांबरी दोन पावलं मागे सरली, कवडशांच्या बाहेर.

"तू पोटात होतास तेव्हा ग्रहणात मला आतल्या खोलीत निजवलं होतं," बाई मुलाला म्हणाल्या. "खिडक्यांना गोधड्या लावल्या. कूस बदलायची नाही, खाजवायचं नाही. मला वाटे, बाहेर काहीतरी गिळायला आलंय. ते हे होय रे? एवढंच?"

मग त्यांनी नीलांबरीचा हात धरून तिला झाडाखाली ओढलं. कोरी तिच्या पोटावर हलू लागल्या.

"त्या खेपेलाही तुझ्या बघण्याने काही झालं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच फोनवर म्हणायला हवं होतं मी."

नीलांबरी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली, आणि गंधार गाडीची किल्ली हातात धरून दोघींच्या शेजारी नुसता उभा राहिला.